तिथी सांगते ओहोटीची वेळ

मित्रहो, निघोज्याच्या इंद्रायणीचे पाणी भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळते. तुम्ही मात्र सुटीत पाठीवर पिशव्या अडकवून मित्रांसह पश्चिमेला, अलिबागला गेला आहात असे समजा. उद्या राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा पाहायचा आहे. आजचा दिवस मोकळा आहे आणि समोर कुलाबा किल्ला दिसतो आहे. ओहोटीच्या वेळी तिथे चालत जाता येते. पण निघायचे केव्हा? आणि परतायचे केव्हा?

त्यासाठी कोकणातले जुने गणित ऐका. तिथीची पाऊणपट केली, की पूर्ण भरतीची वेळ येते. आज चतुर्थी आहे ना? मग ४ × ३/४ = ३. सुमारे तीन वाजता भरती आणि नऊच्या सुमारास ओहोटी. म्हणजे आठला निघावे. नऊनंतर पाणी चढू लागते. तटबंदी पाहण्यात रमलात, तर परतीची वाट बुडालीच म्हणून समजा!

पण पाऊणच का? सूर्याच्या मानाने चंद्र दर तिथीला १२ अंश पुढे सरकतो. पृथ्वीला १ अंश फिरायला ४ मिनिटे लागतात. १२ अंशांना ४८ मिनिटे. म्हणून भरती रोज जवळजवळ पाऊण तास उशिरा येते.

मात्र हा अंदाज आहे. अष्टमीच्या आसपास तर पाणी फारसे ओसरतच नाही. तेव्हा हिशेब करा, पण पाण्यात पाऊल टाकण्यापूर्वी किनाऱ्यावरच्या कोळीदादांना जरूर विचारा.