रक्ताचा रंग, त्वचेचा रंग

डॉक्टरांनी आत्याला झोपवलं नाही, स्टुलावर उभं केलं. साडी गुडघ्याच्या वर खोचून ती भिंतीला हात टेकून उभी राहिली, आणि डॉक्टर खाली बसून पोटरीवर तिरका उजेड टाकत पाहू लागल्या. मांडीच्या बाहेरच्या अंगाला लाल रेघा. गुडघ्यामागे जाड, निळसर वळणं. घोट्यापाशी केसाहून बारीक फांद्या.

"काकू, काम उभ्यानं करता का?"

"पोळ्या करते. सत्तावीस वर्षं झाली."

सकाळी सहापासून अकरापर्यंत ती दोन शेगड्यांसमोर उभी असते. आम्ही पुण्यातल्या या दवाखान्यात आलो होतो ते 'लेझर' हा एकच शब्द ऐकून. व्हेरिकोज व्हेन्सच्या जाहिरातींत जो लेझर असतो, तो आत्याला लागणाऱ्या लेझरहून वेगळा हे तिथं कळलं. त्यात मोठ्या बिघडलेल्या शिरेच्या आत बारीक तंतू घालून ती आतून बंद करतात. आत्याच्या पायावरच्या रेघांसारख्या बारीक शिरांच्या जाळ्यासाठी, म्हणजे स्पायडर व्हेन्ससाठी, लेझर बाहेरून, कातडीवरून मारतात. दोन्हींचा खर्च वेगळा, आणि हा दुसरा उपचार सौंदर्याचा समजून विमा कंपन्या सहसा नाकारतात. फोनवर चौकशी करतानाच कुठला लेझर, हे विचारून घ्यावं.

आधी डॉपलर सोनोग्राफी झाली, तीही उभ्यानंच. तंत्रज्ञ मुलीनं जेल लावून पोटरी दाबली आणि सोडली. पडद्यावर रक्त वर सरकलं, थांबलं. शिरांतल्या झडपा नीट मिटत नसतील तर ते अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ उलटं खाली वाहतं. तसं असेल तर वरवरचं जाळं पुसून उपयोग नाही, कारण खालचा दाब पुन्हा नवं जाळं उभं करतो. आत्याच्या मोठ्या शिरा ठीक निघाल्या. या तपासणीशिवाय कुणी थेट तारीख देत असेल, तर मी तिथून उठून येईन.

मग डॉक्टरांनी जे सांगितलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. लेझरला शीर दिसत नाही, रंग दिसतो. रक्तातलं हिमोग्लोबिन प्रकाश शोषतं, तापतं, शिरेची भिंत भाजते आणि शरीर ती हळूहळू जिरवून टाकतं. रंग हेरून तेवढंच तापवण्याचं हे तत्त्व अँडरसन आणि पॅरिश या अमेरिकी संशोधकांनी 1983 साली मांडलं. पण आपल्या सावळ्या त्वचेत मेलॅनिन भरपूर, आणि तेही प्रकाश शोषतं. 532 नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश कातडीतच अडकून चटका देऊ शकतो. म्हणून आपल्याकडे पायांसाठी बहुधा 1064 नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर वापरतात. तो मेलॅनिनला कमी जुमानतो आणि खोल जातो. मात्र या तरंगलांबीला रक्तही कमी शोषतं, त्यामुळे ऊर्जा जास्त लागते, दुखतं जास्त आणि कातडी सतत गार ठेवावी लागते. मशीन कुठलं आणि आपल्या रंगाच्या किती जणींवर वापरलंय, हे दोन प्रश्न विचारायला संकोच नको.

गुडघ्यामागच्या जाड शिरांसाठी त्यांनी लेझर सुचवलाच नाही. तिथं बारीक सुईनं औषध टोचून शीर बंद करणं जास्त खात्रीचं, म्हणाल्या. पायाच्या शिरांना पुष्कळदा हाच पहिला उपाय असतो. ज्यांच्याकडे फक्त मशीन आहे ते हे सांगतीलच असं नाही.

पहिल्या बैठकीच्या दिवशी आत्या अडली ती एका लग्नघरात काढलेल्या मेंदीमुळे. पावलांवरची नक्षी घोट्याच्या वर चढली होती. डॉक्टरांनी मशीन सुरूच केलं नाही. "हा रंगही प्रकाश ओढून घेईल. पूर्ण उतरू दे, मग या."

तीन आठवड्यांनी गेलो. तेल नाही, क्रीम नाही, केस काढलेले. सगळ्यांना गडद चष्मे. आधी एका कोपऱ्यात चाचणीचे दोन ठिपके मारून वाट पाहिली. मग गार टोक कातडीवर टेकवून टक्, टक्. "ताणलेलं रबर सुटून लागावं तसं," आत्या दात आवळून म्हणाली. काही रेघा डोळ्यांदेखत पुसट झाल्या, काही उलट गडद झाल्या. वीसेक मिनिटांत पायावर मांजरानं ओरबाडल्यासारखे लाल वळ उठले. ते अपेक्षितच होते. फोड आला किंवा कातडी पांढरी पडली तर लगेच फोन करा, असं बजावलं. ऊन टाळायचं, काही दिवस कढत पाण्यानं आंघोळ नाही, आणि आरशात रोज शोधायचं नाही, कारण शीर जिरायला आठवडे, कधी महिने लागतात.

अडीच महिन्यांनी दुसऱ्या बैठकीला मांडी बरीच स्वच्छ होती. घोट्यापाशी मात्र तपकिरी डाग उरला होता. डॉक्टरांनी त्यावर बोट ठेवलं. "इथं आज नाही मारणार. डाग आधी फिका होऊ दे."

"आणि नवीन आल्या तर?"

"येऊ शकतात, काकू. आहेत त्या मी बंद करते. उभं राहण्याचा ताण तसाच राहतो."

आता ओट्याखाली एक बुटका पाट आहे. आत्या एक पाय त्यावर ठेवते, थोड्या वेळानं दुसरा. दर पन्नास पोळ्यांनंतर शेगडी बारीक करते आणि जिन्यापर्यंत चालून येते.