'रडू नकोस' म्हटल्यानं मूल शांत होतं का? लहानग्यांना भावना ओळखायला कसं शिकवायचं?

'रडू नकोस', 'एवढ्याशा गोष्टीवरून चिडायचं असतं का?', 'मुलगे रडतात का कधी?' ही वाक्यं घराघरांत सर्रास ऐकू येतात. त्यानं मूल कधीकधी गप्प होतंही. पण आपल्याला नेमकं काय होतंय आणि त्याचं काय करायचं, हे त्याला तेव्हाही कळलेलं नसतं.

लहान मुलं एवढी का चिडतात?

धोका किंवा त्रास जाणवला की मेंदूतला अमिग्डाला हा छोटासा भाग लगेच सक्रिय होतो. थांबून विचार करण्याचं काम मुख्यतः कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स करतो. तो पूर्ण विकसित व्हायला वयाची साधारण २५ वर्षं लागतात. त्यामुळे जमिनीवर लोळण घेणारं तीन वर्षांचं मूल दरवेळी 'नाटक' करत नसतं. स्वतःला आवरणं त्याला खरोखरच अवघड जात असतं.

भावनेला नाव दिल्यानं काय होतं?

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. फोटोतल्या चेहऱ्यावरच्या भावनेला शब्दांत नाव दिल्यावर सहभागींच्या अमिग्डालाची प्रतिक्रिया कमी झाल्याचं त्यात दिसलं. हा अभ्यास प्रौढांवरचा होता. मुलांच्या बाबतीत शब्दांचा आणखी एक उपयोग होतो. 'माझी गाडी घेतली म्हणून राग आला' असं सांगता आलं, तर चावण्याला किंवा ढकलण्याला पर्याय मिळतो.

मराठीत अशा शब्दांची कमतरता नाही. रुसलेल्या मुलाला कुणीतरी समजूत काढायला हवं असतं. हिरमुसलेल्या मुलाचा अपेक्षाभंग झालेला असतो. नव्या बाळामुळे थोरल्याला हेवा वाटतो, तर बालवाडीच्या दारात भीती. रडणं सारखंच दिसतं, पण उपाय वेगळे असतात.

ऐन रडारडीत काय करावं?

तेव्हा उपदेश डोक्यात शिरत नाही. आधी मोठ्यांनी आपला आवाज खाली आणावा, मुलाच्या उंचीला बसावं आणि अंदाज घेत विचारावं, 'बागेतून निघायचं म्हणून वाईट वाटतंय का?'

भावना मान्य करणं म्हणजे हट्ट पुरवणं नव्हे. 'राग आला तरी चालेल, पण मारायचं नाही' हे ठामपणे सांगता येतं. दरवेळी हातात मोबाइल दिला तर रडणं थांबतं, पण स्वतःला सावरण्याचा सराव होत नाही.

सराव कधी करावा?

मूल शांत असताना. गोष्ट सांगताना 'आता सशाला काय वाटत असेल?' असं विचारता येतं. साबणाचे फुगे उडवताना किंवा गरम वरणभातावर फुंकर घालताना मूल सावकाश श्वास सोडायला शिकतं. 'आज मला वैताग आलाय, मी जरा पाच मिनिटं शांत बसते,' असं आईनं म्हटलं, तर तेही शिक्षणच. ३ ते ८ वयोगटासाठी २०२२ मध्ये आलेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही सामाजिक-भावनिक विकासाचा समावेश आहे.

मदत कधी घ्यावी?

मूल स्वतःला वारंवार इजा करत असेल किंवा भीती-चिडचिडीमुळे झोप, जेवण, शाळा बरेच आठवडे बिघडत असेल, तर बालरोगतज्ज्ञांशी बोलावं. गरज असल्यास ते बालमानसतज्ज्ञांकडे पाठवतात.