तिथीची तारीख संगणक कशी काढतो?

बुलडाणा जिल्ह्यातील हिवरा आश्रम (ता. मेहकर) येथील विवेकानंद आश्रमात स्वामी विवेकानंदांचा जन्मोत्सव तिथीने, म्हणजे पौष वद्य सप्तमीला साजरा होतो. स्वामीजींची जन्मतारीख १२ जानेवारी १८६३ असली, तरी ही तिथी २०२० मध्ये १७ जानेवारीला, तर २०२१ मध्ये ४ फेब्रुवारीला आली. महाप्रसादासाठी दूरवरून येणाऱ्या भाविकांना नेमका दिवस आधीच ठाऊक असणे आवश्यक असते.

चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्याने तिथी दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकते. अधिक मास आला की पुन्हा पुढे जाते. २०२० मध्ये अधिक आश्विन होता. ज्यू दिनदर्शिकेतही १९ वर्षांत ७ अधिक महिने येतात; मात्र त्यांचा क्रम ठरलेला असून नववर्षदिन चंद्राच्या सरासरी गतीवरून काढला जातो. त्यामुळे कोकणातील बेने इस्रायलींच्या सणांची तारीख संगणकाला निव्वळ अंकगणिताने मिळते.

तिथीसाठी तेवढे पुरत नाही. सूर्य आणि चंद्र यांतील अंतर १२ अंशांनी वाढले की एक तिथी पूर्ण होते. चंद्राची गती बदलती असल्याने तिथी कधी १९, तर कधी २६ तासांची असते. म्हणून संगणकाची आज्ञावली दोघांचे प्रत्यक्ष स्थान काढते आणि सूर्योदयाला असलेली तिथी त्या दिवसाची मानते. मुंबई व मेहकर येथील सूर्योदयात काही मिनिटांचा फरक असतो. तेवढ्यात तिथी संपली, तर दिवसच बदलतो. त्यामुळे आज्ञावलीला गावाचे अक्षांश-रेखांशही पुरवावे लागतात.