फोल्डर शेअर केला आणि कॉम्प्युटरच दुसऱ्याच्या ताब्यात? समजून घ्या ‘रिमोट कोड एक्झिक्युशन’

दिवाळीत बारामतीला घरी आलो होतो, तेव्हा इंदापूरला मावसभावाच्या झेरॉक्सच्या दुकानात चक्कर मारली. तिथली पद्धत सोपी आहे. गिऱ्हाईक मोबाईल दुकानाच्या वायफायला जोडतं, फाइल मॅनेजरमधून शेअर फोल्डरमध्ये फोटो टाकतं, की प्रिंट तयार! पण कॉम्प्युटर विंडोज ७ चा आणि अपडेट कायमचे बंद. मी बोललो तर म्हणतो, “दादा, फोल्डरमध्ये नुसते फोटो आहेत. कुणी बघितले तर काय बिघडतं?”

प्रश्न फोटोंचा नाहीच.

नेमकं होतं काय?

फोल्डर शेअर केला की विंडोजमध्ये एसएमबी नावाची सेवा पोर्ट ४४५ वर कान देऊन बसते. “ही फाइल दे, ती ठेव” असे निरोप ती वाचते. हे वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्येच चूक असेल, तर मुद्दाम वेडावाकडा निरोप पाठवून हल्लेखोर स्वतःचा कोड तुमच्या कॉम्प्युटरवर चालवू शकतो. यालाच म्हणतात रिमोट कोड एक्झिक्युशन. तुम्ही कुठलीही लिंक दाबलेली नसते.

‘इटर्नलब्लू’ हा हल्ला एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतल्या अशाच चुकीवर चालायचा. त्याला लॉगिनही लागत नव्हतं. म्हणजे फोल्डरला पासवर्ड असून उपयोग शून्य.

मुंबईजवळ काय घडलं?

मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला पॅच दिला. तरी १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ जगभर पसरला. मग २७ जूनला आला ‘नॉटपेट्या’. युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो घुसला आणि मर्स्क कंपनीच्या नेटवर्कपर्यंत पोहोचला. आपल्या जेएनपीटी बंदरातलं मर्स्क समूहाकडचं जीटीआय टर्मिनलही त्यात अडकलं. सिस्टिम बंद, कामं हाताने!

आणखी एक गोष्ट. नॉटपेट्या एका मशीनमधून पासवर्ड चोरून पॅच केलेल्या मशीनमध्येही शिरायचा. एक कच्चं मशीन सगळ्यांना महागात पडतं.

लिनक्सवाले सुटले का?

नाही. पेन ड्राइव्ह लावता येणारे बरेच राउटर आणि नेटवर्क स्टोरेजचे डबे ‘सांबा’ हे सॉफ्टवेअर वापरतात. २०१० पासून त्यात असलेली एक चूक २४ मे २०१७ ला दुरुस्त झाली. तिथे मात्र फोल्डरमध्ये फाइल टाकायची परवानगी लागायची. म्हणजे बिनपासवर्डचा खुला फोल्डर हे आयतं आमंत्रण.

आता काय कराल?

- विंडोज आणि राउटर दोन्ही अपडेट करा. विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्येच संपला, ते बदला.
- विंडोज १० किंवा ११ मध्ये ‘एसएमबी १.०’ चालू असेल तर बंद करा.
- राउटरवरून पोर्ट ४४५ इंटरनेटला उघडू नका.
- गिऱ्हाईकांना गेस्ट वायफाय द्या. फोटो ब्लूटूथने घ्या.
- बॅकअपची डिस्क काम झालं की काढून ठेवा.

भावाच्या कॉम्प्युटरवर जीएसटीची बिलं आणि दुकानाचं सगळं उधारीखातं होतं. बॅकअप एकही नव्हता. ते लक्षात आल्यावर त्याने स्वतःच विचारलं, “नवीन विंडोज कधी टाकायची?”