पुरुषाच्या ऑपरेशनने ताकद जात नाही

मुळशी तालुक्यात कुटुंब नियोजनाचा विषय काढला की एक वाक्य हमखास कानावर येतं. "पुरुषानं ऑपरेशन केलं की त्याची ताकद जाते. मग चिखलणी कोण करणार, भाताची पोती कोण उचलणार?" पौडच्या बाजारात, कोळवण खोऱ्यात, पिरंगुटच्या कारखान्यांत शिफ्ट करणाऱ्या शिकलेल्या तरुणांतही हेच बोललं जातं. पुष्कळदा बायकाच ते सांगतात: "त्यांना नको, माझंच करा." हा समज साफ चुकीचा आहे, आणि त्याची किंमत पिढ्यान् पिढ्या बायका मोजत आल्या आहेत. म्हणून तो नीट खोडून काढायला हवा.

आधी शरीर समजून घेऊ. वृषणांत दोन कामं चालतात. एक शुक्रजंतू तयार करण्याचं, दुसरं टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक तयार करण्याचं. दाढी-मिशा, स्नायूंचं बळ, कामेच्छा हे सारं या संप्रेरकावर चालतं आणि ते थेट रक्तात मिसळतं. शुक्रजंतू मात्र दोन बारीक नळ्यांतून पुढे जातात. नसबंदीत फक्त या नळ्या बंद करतात. वृषणांना धक्का लागत नाही, त्यांचा रक्तपुरवठा तसाच राहतो, संप्रेरक पूर्वीसारखंच तयार होत राहतं. वीर्यात शुक्रजंतूंचा वाटा जेमतेम दोन ते पाच टक्के असतो, बाकीचा द्रव इतर ग्रंथींतून येतो. त्यामुळे संबंधांत फरक पडत नाही. तयार झालेले शुक्रजंतू शरीरातच जिरतात.

गोंधळ होतो तो बैल खच्ची करण्याशी. बैलाच्या वृषणांचा रक्तपुरवठाच चिमट्याने तोडतात, त्यामुळे वृषण सुकतात आणि संप्रेरक बंद होतं. माणसाच्या नसबंदीत यातलं काहीही होत नाही. दोन्ही गोष्टी एकच समजणं हे या सगळ्या भीतीचं मूळ आहे.

एवढ्यावर विश्वास बसत नसेल, तर पुरावा पाहा. अमेरिकेत नसबंदी केलेल्या १०,५९० पुरुषांची तेवढ्याच न केलेल्या पुरुषांशी तुलना केली गेली. तिचे निष्कर्ष १९८४ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. वृषणाच्या आसपासची सूज तेवढी नसबंदी केलेल्यांत जास्त आढळली. बाकी आजारांचं प्रमाण सारखंच किंवा कमी होतं. शेजारच्या भूतानमध्ये पुरुषांच्या नसबंदीचं प्रमाण बायकांच्या ऑपरेशनपेक्षा जास्त नोंदलं गेलं आहे. तिथले शेतकरीही डोंगरउतारावर भात पिकवतात.

आता दोन ऑपरेशनं शेजारी ठेवू. बिनटाक्याची पुरुष नसबंदी चीनमधल्या ली शुनच्यांग या डॉक्टरांनी १९७४ मध्ये विकसित केली. त्या जागेपुरती भूल, एक बारीक छिद्र, पंधरा-वीस मिनिटांचं काम, आणि त्याच दिवशी घरी. सरकारी मार्गदर्शक सूचनांनुसार दोन दिवसांनी नेहमीची कामं करता येतात, आठवड्याने सायकल आणि जड काम. बाईच्या ऑपरेशनमध्ये पोटात शिरावं लागतं. टाक्याचं असो वा दुर्बिणीचं, पूर्ण कामाला लागायला दोन आठवडे लागतात. ऑपरेशन फसून पहिल्या वर्षात दिवस राहण्याचं प्रमाण पुरुषांच्या नसबंदीत हजारी एक-दोन, बायकांच्या ऑपरेशनमध्ये हजारी पाच. कमी जोखमीचं, कमी विश्रांतीचं आणि जास्त भरवशाचं ऑपरेशन पुरुषाचं आहे. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण (२०१९-२१) सांगतं की महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातल्या विवाहित बायकांपैकी जवळपास निम्म्यांचं ऑपरेशन झालं आहे. पुरुष नसबंदीचं प्रमाण अर्धा टक्काही भरत नाही. लावणीत दिवसभर वाकून चिखलात उभी राहणारी बाई, आणि ताकदीची काळजी मात्र पुरुषाच्या! हे ऐकून संताप येतो.

एक खबरदारी मात्र प्रत्येक जोडप्याला ठाऊक हवी. नसबंदी झाल्याबरोबर लागू पडत नाही. नळ्यांत आधीचे शुक्रजंतू उरलेले असतात. तीन महिने निरोध किंवा दुसरं साधन वापरायचं आणि मग वीर्याची तपासणी करून घ्यायची. हे न सांगितल्यामुळे मधल्या काळात दिवस राहतात आणि संशय बायकोवर येतो. थोडी सूज, थोडं दुखणं काही दिवस राहू शकतं, क्वचित एखाद्याचं दुखणं रेंगाळतं. नळी पुन्हा जोडून मूल होईलच याची खात्री नसते, म्हणून आणखी मूल नको हे पक्कं ठरल्यावरच ऑपरेशन करावं.

भीतीला आणखी एक कारण आहे, आणि ते खरं आहे. १९६०च्या दशकात देशात पुरुषांचीच ऑपरेशनं जास्त होत होती. मग आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात सुमारे ६२ लाख पुरुषांची नसबंदी झाली, त्यातल्या कितीतरी सक्तीने. महाराष्ट्र विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, एवढंच. त्या जबरदस्तीचा राग रास्त होता. पण पुढे सरकारी कार्यक्रमाने पुरुषांचा नाद सोडला आणि सगळा भार बायकांवर टाकला. अन्याय सक्तीचा होता. दोष मात्र ऑपरेशनला चिकटला.

हा समज पोस्टरने जाणार नाही. गावातलं माणूस गावात बोलेल तेव्हाच तो जाईल. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून खेड्यातल्या, बऱ्याचशा निरक्षर बायकांनाच आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. पुणे जिल्ह्यातच, शिरूर तालुक्यातल्या वढू इथे, केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी गावातल्या आरोग्यसेवकांच्या बळावर काम उभं केलं. आज ते काम आशाताई करतात. पण आशाताईंचं ऐकायला घरातली बाईच ओट्यावर येते, नवरा शेताकडे निघून जातो. जामखेडमध्ये शेतकरी मंडळांतून पुरुषांनाही या कामात ओढलं होतं, हे आपण विसरलो. आफ्रिकेतल्या नायजर देशात २००७ पासून गावोगावी 'नवऱ्यांच्या शाळा' भरतात. तिथे पुरुष एकत्र बसून बाळंतपण, पाळणा लांबवणं यांवर बोलतात आणि इतर पुरुषांना समजावतात. मुळशीच्या गावांतही असं बोलणं सुरू व्हायला हवं, आणि ते नसबंदी करून घेतलेल्या पुरुषांनी करावं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

"तांबी वर चढून काळजापर्यंत जाते." नाही. गर्भपिशवीतून छातीकडे वाटच नाही. क्वचित तांबी पिशवीच्या भिंतीत रुतते, म्हणून तपासणीला जायचं.

"माला-डी घेतली की पुढे मूल होत नाही." होतं. गोळ्या थांबवल्या की दिवस राहू शकतात.

"अंतरा इंजेक्शनने पाळी थांबते आणि रक्त पोटात साठतं." नाही. पिशवीचं अस्तरच पातळ राहतं, साठायला रक्त नसतं. मात्र इंजेक्शन बंद केल्यावर दिवस राहायला काही महिने लागतात.

"बाळ अंगावर पितं तोवर दिवस राहत नाहीत." नेहमीच असं नाही. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, रात्रंदिवस फक्त आईचं दूध पिणारं आणि पाळी अजून न आलेली, या तिन्ही अटी पाळल्या तरच हा भरवसा.

"ऑपरेशनला किंवा गर्भपाताला नवऱ्याची सही लागते." नाही. कायद्याने सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरेशी आहे.

दरवर्षी २१ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर हा पुरुष नसबंदी पंधरवडा असतो. मुळशीत तोवर भाताची कापणी-झोडणी आटोपत आलेली असते. आठवडाभर जड काम न करणं तेव्हा कोणालाही परवडतं. कुटुंब पूर्ण झालेल्या प्रत्येक घरात त्याआधी एकदा नवरा-बायकोने समोरासमोर बसून बोलावं, शंका आशाताईंना किंवा पौडच्या ग्रामीण रुग्णालयात विचाराव्यात, आणि ऑपरेशन कोणी करायचं ते खरी माहिती हातात घेऊन ठरवावं.