सांगलीचे अण्णा गेले



या आठवड्यात ब्रँडिंगवरचा व्हिडिओ येणार होता, तो पुढे ढकललाय. सांगलीतले आमचे अण्णा गेले. तुम्ही त्यांना कधी पाहिलेलं नाही. मी दोनदा चॅनलवर बोलावलं, तर म्हणाले, "कॅमेऱ्यासमोर माझा ताळेबंद जुळत नाही." पण हिशेबावरचे आपले जे व्हिडिओ तुम्ही आवडीने बघता, त्यातलं निम्मंअधिक मला त्यांच्या टेबलासमोर बसून कळलंय.

अण्णा सीए नव्हते. बी.कॉम. करून हळदीच्या एका अडत दुकानात रोजमेळ लिहायला लागले आणि पुढे छोट्या दुकानदारांची रिटर्न भरायला लागले. ऑफिस म्हणजे गणपती पेठेजवळच्या बोळात जिना चढून एक खोली. ऑडिटचं काम आलं की ओळखीच्या सीएकडे पाठवायचे. "हे माझ्या अधिकारातलं नाही," असं गिऱ्हाइकाला सरळ सांगायचे. या धंद्यात हे वाक्य किती कमी ऐकू येतं, ते तुम्हाला लवकरच कळेल.

सगळे सांगतात की अण्णा फीसाठी तगादा लावत नसत. खरं आहे. पण मला त्यांचा चांगुलपणा दुसरीकडेच दिसायचा. ते गिऱ्हाइकाला स्वतःवर अवलंबून ठेवायचे नाहीत.

घरगुती मसाल्याचा धंदा करणाऱ्या एक ताई त्यांच्याकडे जीएसटी नंबर काढायला आल्या होत्या. कुणीतरी सांगितलं होतं, नंबर नसेल तर धंदा खरा नाही. अण्णांनी वर्षाची विक्री विचारली, ती सहा-सात लाखांच्या पुढे नव्हती. माल विकणाऱ्याला आपल्याकडे 40 लाखांपर्यंत आणि सेवा देणाऱ्याला 20 लाखांपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. परराज्यात माल पाठवायचा असेल तर गोष्ट वेगळी. अण्णा म्हणाले, "ताई, नंबर घेतलात की विक्री शून्य असली तरी रिटर्न भरावं लागतं. उशीर झाला की रोजची लेट फी. आधी विक्री वाढवा, मग या." एक कायमचं गिऱ्हाईक त्यांनी असं हसत परत पाठवलं. मात्र उद्यम नोंदणी त्याच दिवशी करून दिली, तीही फुकट. सरकार त्याचे पैसे घेत नाही, मग मी कशाला घेऊ, हा हिशेब. (बाहेर याच कामाचे हजार-दीड हजार मागणारे भेटतात. देऊ नका.)

ताई तीन वर्षांनी परत आल्या, तेव्हा गोवा आणि बेळगावच्या ऑर्डर घेऊन आल्या. मग नंबर काढला. अर्ज भरताना अण्णांनी मोबाईल आणि ईमेल दोन्ही ताईंचेच टाकले. ताई म्हणाल्या, "तुमचाच टाका की, मला ते ओटीपीचं जमत नाही." अण्णांनी ऐकलं नाही. दर महिन्याला रिटर्न भरताना ताईंना फोन करायचे, आकडे वाचून दाखवायचे आणि मगच ओटीपी मागायचे. विक्री किती, खरेदी किती, भरायचे किती, हे तीन आकडे ताईंना तोंडपाठ झाले ते या फोनमुळे.

आता 2019 चा पूर. त्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी बाजारपेठेत शिरलं आणि दुकानांचे तळमजले बुडाले. पाणी ओसरल्यावर विम्याचा सर्व्हेअर पहिलं काय विचारतो? माल किती होता आणि पुरावा काय. बिलांचा तर लगदा झालेला. अण्णांनी 2005 चा पूर पाहिलेला. तेव्हापासून प्रत्येकाच्या स्टॉक स्टेटमेंटची एक प्रत ते जिन्यावरच्या खोलीत, वरच्या फळीवर ठेवायचे. शिवाय पुरवठादारांनी जीएसटी पोर्टलवर चढवलेली बिलं खरेदीदाराच्या लॉगिनमध्ये दिसतात, त्यांच्या प्रिंट काढून त्यांनी एकेकाच्या हातात दिल्या. एक कापडवाले सांगत होते, "दुकानात चिखल होता, पण माझ्या मालाचा कागद अण्णांकडे कोरडा होता." क्लेम लगेच मिळाले असं नाही, काहींचे बरेच महिने रेंगाळले. पण बोलायला हातात काहीतरी होतं.

अण्णा अचानक गेले, महिन्याच्या 17 तारखेला. जीएसटीचं महिन्याचं रिटर्न 20 ला असतं. ताईंनी दुसऱ्या दिवशी स्वतःच लॉगिन केलं आणि भाचीला शेजारी बसवून रिटर्न भरलं. रडत भरलं म्हणाल्या.

हे मी मुद्दाम सांगतोय. दुसऱ्या एका गावात असाच एक सल्लागार वारला, तेव्हा त्याच्या कितीतरी गिऱ्हाइकांचे ओटीपी त्याच्याच मोबाईलवर जात होते आणि तो फोन लॉक. अशा वेळी कागदपत्रं घेऊन आपल्या हद्दीतल्या जीएसटी अधिकाऱ्याकडे जावं लागतं, तिथे नंबर बदलून घ्यावा लागतो. तोवर लेट फी आणि व्याज चालू. तुमच्या लॉगिनला कुणाचा नंबर आहे, ते आजच बघा. तुमचे अकाउंटंट देवमाणूस असले तरी बघा.

अण्णांच्या सूनबाई सध्या रोज संध्याकाळी दोन तास ती खोली उघडतात आणि फायली परत देतात. प्रत्येक फाइलच्या पहिल्या पानावर अण्णांच्या अक्षरात यादी आहे: कोणता नंबर, कोणती तारीख, कुठलं काम अर्धं राहिलंय. पासवर्ड कुठेच लिहिलेले नाहीत. टेबलाच्या खणात बाकी फीची वहीसुद्धा सापडली, पण सूनबाईंनी ती कुणाला दाखवली नाही. लोक आपणच विचारतात, "वहिनी, आमचे किती राहिलेत?" त्या म्हणतात, तुम्हाला आठवत असतील तेवढे द्या. मागच्या शनिवारी मी गेलो तेव्हा जिन्यावर अकरा माणसं उभी होती.