टायरमधली रिकामी जागा

टायरचा सगळ्यात कामाचा भाग कोणता, सांगा पाहू! रबर? आतल्या पोलादी तारा? की हवा? तिन्ही हवेतच. पण ओल्या आणि बर्फाळ रस्त्यावर गाडीला सावरणारा भाग चौथाच आहे आणि तो चक्क रिकामा आहे. टायरच्या खाचा! रबराच्या बटणांमधून फिरणारे ते चर. त्यांत खडे अडकतात आणि आपण काडीने ते उकरत बसतो, तेच.

नव्या कोऱ्या टायरची खाच साधारण ८ मिलिमीटर खोल असते. टायर रस्त्यावर घासतो, वरचं रबर झिजतं आणि खाच उथळ होत जाते. ती पार नाहीशी झाली की मेकॅनिककाका म्हणतात, "टायर गोटा झालाय." गोटा झालेला टायर बदलायचा, हे कुणीही सांगेल. अवघड प्रश्न त्याच्या आधीचा आहे. नक्षी अजून दिसतेय, गाडी मजेत पळतेय, अशा टायरला 'बास आता' कधी म्हणायचं? आणि गंमत म्हणजे, जिथे हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ साचतो त्या देशांत या प्रश्नाचं उत्तर निराळं आहे.

आधी कोरड्या रस्त्याचं बघू. तिथे खाचांचं काही काम नसतं! फॉर्म्युला वन शर्यतीच्या गाड्या कोरड्या ट्रॅकवर अगदी गुळगुळीत टायर लावून धावतात. जितकं जास्त रबर रस्त्याला टेकेल तितकी पकड चांगली. पाऊस सुरू झाला की मात्र त्यांनाही धावत येऊन खाचांचे टायर लावावे लागतात.

का, ते एका गणितातून कळेल. वही घ्या. टायर २० सेंटिमीटर रुंद आहे, रस्त्यावर फक्त २ मिलिमीटर पाणी आहे आणि गाडी ताशी ८० किलोमीटर वेगाने चालली आहे. म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची यांचा गुणाकार करा. उत्तर येतं जवळजवळ ९ लिटर. दर सेकंदाला एका टायरच्या वाटेत ९ लिटर पाणी येतं! त्यातलं काही बाजूला उडतं, बाकीच्याला खाचांमधून वाट मिळते. खाच उथळ असेल तर पाण्याला जायला जागाच उरत नाही. मग ते टायरखाली शिरतं, टायर रस्त्यावरून उचलला जातो आणि गाडी पाण्यावर तरंगत पुढे जाते. स्टिअरिंग फिरवा नाहीतर ब्रेक दाबा, ती ऐकत नाही. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये महामार्गावर हे कधीही घडू शकतं. म्हणून मोठी माणसं पावसाळ्याआधी टायर बघून घेतात. बघत नसतील तर तुम्ही आठवण करा.

आता जर्मनीला जाऊ. तिथे ऑक्टोबर उजाडला की गॅरेजांत गर्दी होते. पुष्कळ लोकांकडे टायरचे दोन संच असतात, एक उन्हाळी आणि एक हिवाळी. ऑक्टोबरपासून ईस्टरपर्यंत हिवाळी टायर चालवायचे, असं तिथलं सोपं सूत्र. उरलेला संच ठेवायला घरात जागा नसेल तर तो 'टायर हॉटेल'मध्ये जातो. खरंच! भाडं भरायचं आणि गॅरेजवाले तुमचे चार टायर पुढच्या मोसमापर्यंत सांभाळतात.

हिवाळी टायरच्या खाचेला पाण्याखेरीज आणखी एक काम असतं आणि ते मला फार आवडतं. आकाशातून पडतं ते हिम भुसभुशीत असतं. आपला गोळेवाला किसलेला बर्फ काडीभोवती मुठीने दाबतो, तेव्हा काय होतं? सुटा किस एकमेकाला धरतो आणि टणक गोळा तयार होतो. टायरखाली असंच होतं. गाडीच्या वजनाने हिम खाचांत दाबलं जातं, खाचेत त्याची घट्ट लगड बनते आणि ती खालच्या हिमाला धरते. रबर हिमावरून सटकतं, पण हिम हिमाला पकडतं! म्हणून हिवाळी टायरच्या खाचा हिमाने भरलेल्या दिसल्या तर घाबरायचं कारण नाही, ते टायर काम करताहेत. चाक फिरतं, जुनं हिम बाहेर फेकलं जातं आणि नवं आत दाबलं जातं.

आता सांगा, खाच २ मिलिमीटरच उरली असेल तर ही लगड केवढी होणार? पापुद्र्याएवढी. जरा जोर आला की तुटली. पावसात कसंबसं भागवणारी खाच हिमात अशी कमी पडते.

हिवाळी टायरचं बटण जवळून पाहिलं तर त्यावर नागमोडी बारीक चिरा दिसतात, कुणीतरी ब्लेडने मारल्यासारख्या. रस्त्यावर घट्ट गोठलेल्या बर्फावर पाण्याचा अतिशय पातळ थर असतो, निसरडेपणा येतो तो त्यानेच. या चिरा तो थर आत ओढून घेतात आणि चिरांच्या कडा बर्फात रुततात. रबरात अशा चिरा पाडण्याचं पेटंट अमेरिकेत जॉन साइप यांनी १९२३ साली घेतलं. टायर झिजला की बटणं बुटकी आणि ताठ होतात. मग चिरा नीट उघडत नाहीत आणि त्यांचंही काम थांबतं.

मग किती खोली हवी? प्रत्येक देशाचा कायदा वेगळा. भारतात मोटारीच्या टायरची खाच निदान १.६ मिलिमीटर असायला हवी, दुचाकीला ०.८ चालते. जर्मनीतही मोटारीला १.६च. फिनलंडमध्ये हिवाळी टायरला ३ लागतात. ऑस्ट्रियाचा नियम तर फारच नामी आहे. तिथे नेहमीच्या मोटारीच्या हिवाळी टायरची खाच ४ मिलिमीटरपेक्षा कमी झाली की कायदा त्याला हिवाळी टायर मानतच नाही! टायरच्या कुशीवर डोंगर आणि हिमकणाचं, म्हणजे हिवाळी टायरचं, चिन्ह असलं तरीही नाही. म्हणजे ३ मिलिमीटर खाचेची गाडी जर्मनीतल्या म्युनिकमध्ये कायद्याने ठीक, आणि तीच बर्फाच्या दिवसांत सीमा ओलांडून ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गला पोचली की बेकायदा. टायर तोच, बर्फही तोच! मला ऑस्ट्रियाचं म्हणणं पटतं. जर्मनीतली मोटारचालकांची मोठी संस्था एडीएसीसुद्धा आपल्या सभासदांना ४ मिलिमीटरच सांगते.

हे मोजायला तिथले लोक खिशातलं नाणं काढतात. २ युरोच्या नाण्याची चंदेरी कड ४ मिलिमीटर रुंद असते. नाणं खाचेत उभं घालायचं. कड पूर्ण बुडाली तर हिवाळा निघेल, बाहेर डोकावली तर नवे टायर. अमेरिकेत एका सेंटचं नाणं उलटं धरून त्यावरच्या राष्ट्राध्यक्ष लिंकन यांचं डोकं खाचेत घालतात. डोक्याचा वरचा भाग दिसला तर टायर संपला. पण ती जवळपास १.६ मिलिमीटरची खूण झाली. बर्फासाठी पाव डॉलरचं नाणं घ्यायचं, त्यावरच्या राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांच्या डोक्यापर्यंत साधारण ३.२ मिलिमीटर भरतात.

फिनलंडच्या नोकियन कंपनीने ट्रकसाठी पहिला हिवाळी टायर १९३४ मध्ये काढला. (फोनवाली नोकिया कंपनीही त्याच नोकिया गावच्या नावाची.) या कंपनीच्या हिवाळी टायरच्या नक्षीत एक हिमकण कोरलेला असतो. खाच ४ मिलिमीटरवर आली की तो पुसला जातो. टायर स्वतःच सांगतो, माझा हिवाळा संपला!

आपल्याकडे युरो नाही म्हणून अडायला नको. गाडी उभी असताना, घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घेऊन, आगपेटीची काडी गूल तोडून खाचेत उभी घाला. जिथवर आत गेली तिथे नखाने खूण करा आणि काडी पट्टीवर ठेवून मोजा. खाचेच्या तळाशी मधूनमधून रबराचे छोटे उंचवटे दिसतील, त्यांच्यावर काडी टेकवू नका. ते १.६ मिलिमीटर उंच असतात, आणि बटणं झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायरचं आयुष्य संपलं. मोजायचं मात्र तीन-चार ठिकाणी आणि धरायचा तो सगळ्यात छोटा आकडा. दोन्ही कडा जास्त झिजल्या असतील तर हवा कमी होती, मधला भाग झिजला असेल तर हवा जास्त. एकच कड खाल्ली गेली असेल तर चाकांचं अलाइनमेंट बिघडलं आहे.

खाच खोल आहे, तरी टायर निकामी, असंही होतं. थंडीत रबर कडक होतं. उन्हाळी टायरचं रबर सुमारे ७ अंश सेल्सिअसच्या खाली ताठ व्हायला लागतं आणि रस्त्याचे बारीक उंचसखल भाग त्याला धरता येत नाहीत. थंडीत रबर काय करतं याचा सगळ्यात दुःखद धडा जगाला २८ जानेवारी १९८६ रोजी मिळाला. त्या गारठलेल्या सकाळी उडालेलं चॅलेंजर अवकाशयान फुटलं आणि सात अंतराळवीर गेले. चौकशीत रिचर्ड फाइनमन या शास्त्रज्ञांनी यानात वापरलेल्या रबरी कड्याचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला. बाहेर काढून चिमटा सोडला, तर दबलेलं रबर लगेच मूळ आकारात आलं नाही. यानाच्या बूस्टर रॉकेटच्या सांध्यात नेमकं हेच झालं होतं. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहील असं मुद्दाम बनवलेलं असतं. पण वयाबरोबर तेही टणक होत जातं.

टायरचं वय कसं ओळखायचं? कुशीवर इंग्रजी डीओटी ही अक्षरं शोधा. त्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. ४०१९ असेल तर २०१९ सालच्या ४०व्या आठवड्यात तो टायर जन्मला. आकडे सापडले नाहीत तर निराश होऊ नका, पुष्कळदा ते एकाच बाजूला असतात आणि ती बाजू गाडीच्या आतल्या अंगाला असते. मिशलँ ही कंपनी सांगते की पाच वर्षं वापरलेला टायर दरवर्षी जाणकाराला दाखवावा आणि दहा वर्षांचा झाला की नक्षी कितीही छान दिसो, बदलावा.

चला, एक कोडं. समजा, तुमची आत्या म्युनिकला राहते. ऑक्टोबरात तिने हिवाळी टायर बाहेर काढले, चारही तीन वर्षांचे. मोजले तर दोन टायरांच्या खाचा साडेपाच मिलिमीटर, उरलेल्या दोनांच्या साडेतीन. नाताळात तिला साल्झबुर्गला जायचंय. साडेतीनवाले बाद, हे तुम्ही लगेच ओळखलं असेल. दोन नवे घ्यायचे. पण ते लावायचे कुठे, पुढे की मागे? गाडीचं इंजिन पुढची चाकं फिरवतं, स्टिअरिंगही पुढच्याच चाकांना, म्हणून पुष्कळ मोठी माणसंही 'पुढे' म्हणतात. टायर बनवणारे मात्र सांगतात, नवे मागे! पुढची चाकं घसरली तर गाडी वळायच्या ऐवजी सरळ जात राहते. ते चालवणाऱ्याला जाणवतं, आणि वेग कमी केला की गाडी बहुतेक वेळा ताब्यात येते. मागची चाकं घसरली तर गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो आणि गाडी गर्रकन फिरते. ती सावरणं भल्याभल्यांना जमत नाही. तेव्हा आत्याचे साडेपाचवाले पुढे, नवे मागे, आणि पुढच्या ऑक्टोबरात पुन्हा नाणं.